सेकंडहँड मोटारीचे अस्थिवय

स्मरणिकेसाठी लेख मागणारे संपादक मंडळाचे पत्र यंदा आले तेव्हा त्यात एक प्रेमळ अट होती : लसीकरण, कुपोषण आणि जुलाब हे तीन विषय सोडून काहीही लिहावे. आजवर मी या तिन्हींवर आलटून पालटून लिहीत आलो असल्याने अट न्याय्यच म्हणावी लागेल. मग ज्या विषयावर आपल्या संस्थेतील तरुण सभासद मला औषधांच्या मात्रेइतक्याच वेळा फोन करतात, तोच निवडला. नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेली असते, दवाखान्याच्या जागेचे हप्ते डोक्यावर असतात, आणि कोणीतरी आठ-दहा वर्षांची एखादी मोटार स्वस्तात देऊ करीत असते. "सर, घेऊ का?" माझे उत्तर ठरलेले आहे. घ्या, पण किंमत विचारण्याआधी वय विचारा. आणि विक्रेता सांगेल ते वय खरे मानू नका.

जुन्या मोटारींशी माझा संबंध १९९९ पासूनचा. त्या वर्षी पिरनवाडीत दवाखाना थाटला आणि १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी. आमच्या वडिलांच्या पिढीची 'डुक्कर फियाट' हिची आधीची बहीण. पद्मिनीचा स्वभाव उघड होता. उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. मग पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे झाडाखाली उभे राहावे लागे. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक अंतरानंतर ग्रीस भरावे लागे, पॉइंट घासावे लागत, आणि डिकीत पाना-पकड, फॅनबेल्ट व पाण्याचा डबा नसेल तर खानापूरला निघण्याचे धाडस कोणी करीत नसे. गाडी सतत कुरकुरे, म्हणून मालक सतत तिच्याकडे पाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढच्या दोन दशकांत भारतीय मध्यमवर्गाच्या अपेक्षाच पालटल्या. गाडी किल्ली फिरवली की सुरू होते, तिला तक्रार नसते, असा समज रुजला. तो बहुतांशी खराही होता, पण पहिल्या आठ-दहा वर्षांपुरता. नव्या धाटणीची मोटार आपले वार्धक्य लपवते. तिच्यातील सारे रबर, सारे सील, सारे बुश एकाच महिन्यात जन्मलेले असतात; साहजिकच ते थकतातही मागेपुढे एकाच सुमारास. पहिला मालक हे ओळखून असतो. दहाव्या वर्षाच्या आसपास गाड्या मोठ्या संख्येने बाजारात येतात, यामागे केवळ नव्याची हौस नसते.

बालरोगतज्ज्ञाला वयाचे दोन प्रकार ठाऊक असतात. जन्मदाखल्यावरचे वय एक, आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून काढलेले अस्थिवय दुसरे. मोटारीचेही तसेच आहे. जन्मदाखला म्हणजे नोंदणीपुस्तक. मीटरवरील किलोमीटरच्या आकड्याला मात्र मी पुरावा मानीत नाही. तो मागे फिरवणारे कारागीर आपल्या देशात उदंड आहेत. अस्थिवय पाहायचे ते अन्यत्र. क्लच व ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले आहे काय, स्टिअरिंगच्या चामड्याला 'दहा वाजता' आणि 'दोन वाजता' हात ठेवतात त्या जागी चकाकी आली आहे काय, चालकाच्या आसनाची दाराकडची कड बसली आहे काय, ते पाहावे. मीटर चाळीस हजार सांगत असेल आणि पेडलचे लोखंड दिसत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा. सर्व्हिसच्या पावत्या म्हणजे लसीकरणाचे कार्ड; "घरी आहे, हरवले, बहुतेक सगळे डोस झालेत" हे उत्तर आपण रोज ऐकतो आणि त्याचे काय करायचे तेही आपणास माहीत आहे.

पत्र्याच्या तपासणीस आपला व्यवसाय फारच उपयोगी पडतो. इन्सब्रूक, व्हिएन्ना वगैरे नावे परीक्षेपुरती पाठ करून आपण विसरतो. पण १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची पद्धत मांडणारा आउएनब्रुगर हा ग्राट्झच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून पाहण्याची रीत तिथलीच, ही गोष्ट मला मोटारी पाहताना नेहमी आठवते. दारांच्या खालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ बोटांनी ठोकून पाहावा. शुद्ध पत्रा खणखणतो. अपघातानंतर किंवा गंजानंतर लांबी भरून वर रंग मारलेला असेल तिथे आवाज बद्द येतो, न्यूमोनियाच्या छातीसारखा. खिशात लहानसा लोहचुंबक असावा. तो लांबीला चिकटत नाही.

आता झिजेविषयी. झीज तीन घड्याळांवर चालते, आणि लोक त्यातले एकच पाहतात. पहिले घड्याळ किलोमीटरचे : ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, टायरची नक्षी, चाकांची बेअरिंगे. दुसरे पंचांगाचे. गाडी उभी असली तरी ते चालूच असते. रबराचे होज, टायमिंग बेल्ट, इंजिनचे माउंटिंग, वायपर, दारांच्या बीडिंग, बॅटरी, कूलंट, ब्रेकचे द्रव ही सारी मंडळी या घड्याळावर जगतात. म्हणून "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त घर ते दवाखाना चालली" ही जाहिरात ऐकून हुरळून जाऊ नये. अशा गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. तेलात ओलावा व न जळलेले पेट्रोल साचते आणि तेल लवकर निकामी होते. तिसरे घड्याळ हवामानाचे आणि निष्काळजीपणाचे. खानापूरकडचा पाऊस आपणास सांगायला नको. काचेखालच्या खोबणीत पाने साचतात, पाणी वाहून जाण्याची छिद्रे तांबड्या मातीने बुजतात, पाणी गालिच्याखाली जाते, आणि चार पावसाळ्यांनंतर मालकाला फक्त कुबट वास येत असतो तेव्हा खालचा पत्रा चाळणीच्या वाटेवर असतो.

टायरच्या बाजूवर एक चार अंकी आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला हे अनेकांना ठाऊक असते, पण नक्षी शाबूत असतानाही रबर कडक होऊन त्याला बारीक तडे जातात हे ठाऊक नसते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत, आणि दहा वर्षांचा टायर, मग तो डिकीतला न वापरलेला का असेना, रस्त्यावर आणू नये.

धुराचे निदान तर आपल्याला अगदी सोपे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरी वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळते आहे, बहुधा हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पिते आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर दिसून थांबला तर व्हॉल्व्हचे सील, आणि चढावर जोर देताना सतत निघाला तर पिस्टनच्या रिंगा. पहिले दुखणे सोसण्यासारखे असते, दुसरे खिसा रिकामा करते. थोडे तेल कमी होणे हा जुन्या इंजिनचा रोग नव्हे, तो वयोधर्म आहे; मात्र दर पंधरा दिवसांनी कांडी काढून पातळी पाहणे हा मालकाचा धर्म.

सध्याची माझी गाडी २००८ सालची वॅगन आर. मार्च २०१६ मध्ये कोल्हापुरातून एक लाख पंचावन्न हजारांना घेतली, मीटरवर ६२ हजार होते आणि पेडल त्याच्याशी सहमत होते. पहिल्या वर्षी तिच्यावर त्रेचाळीस हजार खर्च झाले, म्हणजे खरेदीच्या पाव भागाहून थोडे अधिक : चार टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट व त्याची पुली, पुढच्या आर्मचे बुश, सर्व द्रवे, सर्व फिल्टर. हा खर्च दुर्दैव नव्हे, तो किमतीचाच उरलेला हप्ता असतो. म्हणून मी तरुण मित्रांना सांगतो की खिशात दोन लाख असतील तर दीड लाखाचीच गाडी पाहा. टायमिंग बेल्टविषयी तर तडजोड नको. ज्या इंजिनात साखळीऐवजी पट्टा आहे, तिथे तो बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर बदललेला नाही असेच धरावे. अनेक इंजिनांत पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांचे काम इंजिनाच्या किमतीपर्यंत जाते.

एवढे करूनही मी चुकलो, आणि ती चूक येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या मेस्त्रींनी रेडिएटरचा वरचा होज बोटांनी दाबून दाखवला. क्लिपजवळ तो फुगला होता आणि भिजलेल्या खारकेसारखा मऊ लागत होता. "डॉक्टर, हा बदलून टाकूया की. पावसाच्या आधी." किंमत साडेतीनशे रुपये. वर्षभर पैसे ओतून मी त्रासलो होतो. म्हणालो, "पुढच्या सर्व्हिसला बघू."

ऑगस्टमधील एका रात्री दीडच्या सुमारास खानापूरच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. पूर्ण दिवसांचे बाळ, गर्भजलात विष्ठा, जन्मल्यावर नीट रडले नाही, श्वासाचा वेग वाढलेला. मी निघालो. पाऊस होता. प्रभुनगर सोडून गणेबैलकडे जाताना गाडीत गोडसर वास आला, आणि तो कसला हे कळेपर्यंत तापमानाचा काटा वर गेला व बॉनेटखालून वाफ उसळली. इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर होज नेमका त्या फुगवट्यापाशी उभा चिरला होता.

पहिला मोह झाला तो रेडिएटरचे झाकण उघडून डब्यातले पाणी ओतण्याचा. हात पुढे गेलाही होता. गरम रेडिएटरमध्ये दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांहून तप्त असते; झाकण सैल होताच ते क्षणात उकळून तोंडावर येते. अशा भाजण्याचे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत, म्हणून हात मागे घेतला. शिवाय चिरलेल्या होजमध्ये पाणी ओतून उपयोग काय? प्रसूतितज्ज्ञ भगिनी फोनवर होत्या. बाळाला पिशवी आणि मास्कने प्राणवायू कसा द्यायचा, छाती उचलते आहे की नाही, ठोके किती, हे मी रस्त्यावर उभा राहून विचारीत होतो. दुधाचे रिकामे कॅन घेऊन खानापूरकडे निघालेला एक टेम्पो थांबला. त्या चालकाने काही न विचारता मला पुढे बसवले. मी पोचलो तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे उशीर झाला होता.

बाळ वाचले. त्याला पहाटे बेळगावला हलवले, नऊ दिवस अतिदक्षता विभागात राहिले, आज ते शाळेत जाते. त्या चाळीस मिनिटांत ज्यांनी न थकता पिशवी दाबली त्या भगिनींचे ते श्रेय. माझ्या वाट्याला साडेतीनशे रुपयांचा हिशेब आला. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणल्यावर मेस्त्री एवढेच म्हणाले, "मी सांगिटलो होतो की, डॉक्टर." त्यानंतर मी एक वही ठेवली आहे. तिच्यात 'तातडीचे', 'तीन महिन्यांत' आणि 'लक्ष ठेवावे' असे तीन रकाने आहेत. ज्या भागाच्या बिघाडाने गाडी रस्त्यात थांबते किंवा थांबत नाही, तो भाग कितीही स्वस्त असो वा महाग, पहिल्याच रकान्यात जातो. वातानुकूलन, काच वरखाली होणे, आतला दिवा हे तिसऱ्यात वर्षभर राहिले तरी चालते. आता वार्षिक खर्च पंधरा ते अठरा हजारांत स्थिरावला आहे.

'थांबत नाही' हे शब्द वाचून कोणी हसू नये. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारचे ताजे द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. बेळगाव शहरात फिरताना याचा पत्ताही लागत नाही. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक सतत दाबला जातो, द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो म्हणून पेडल जमिनीला टेकते. दर दोन वर्षांनी द्रव बदलणे हा काही शे रुपयांचा प्रश्न आहे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, हे फियाटवाल्यांना शिकवावे लागत नसे.

मुलांचा डॉक्टर म्हणून आणखी एका भागाचा आग्रह धरतो. जुन्या गाडीचे मागच्या आसनाचे पट्टे बहुधा उशांखाली दडपलेले असतात. ते बाहेर काढून पूर्ण लांबी ओढून पाहावी. कडा विरलेल्या, उन्हाने रंग उडून कडक झालेला, ओढल्यावर आपणहून मागे न जाणारा किंवा जोराने हिसका दिल्यावर न अडकणारा पट्टा बदलावा. मोठ्या अपघातातून गेलेला तर बदलावाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना अथवा बाल-आसनाविना नेल्यास हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी कशाला? माझ्या वॅगन आरमध्ये एअरबॅगही नाही, म्हणून पट्टा हाच काय तो आधार.

एअरबॅग असलेल्या जुन्या गाडीचा प्रश्न निराळा. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले जाई. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने ते बिघडे आणि पिशवी फुगण्याऐवजी तिचे धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी गाड्या यासाठी परत बोलावल्या गेल्या. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, सिव्हिक आदी गाड्यांतील हे भाग विनामूल्य बदलून दिले. पहिल्या मालकाला आलेले असे पत्र तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाडी घेताच चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चौकशी करावी. यास पैसे पडत नाहीत.

सीमाभागात राहणाऱ्यांना एक जादा झीज सोसावी लागते, ती चपलांची. कोल्हापूरची गाडी बेळगावात स्वस्त दिसते, कारण ०९ पाटीच्या गाडीचे पुढचे काम घेणाऱ्याच्या माथी येते. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, इथला आजीवन कर, आणि तिकडे भरलेल्या करातील शिल्लक परत मिळवण्याचा स्वतंत्र अर्ज. भाषा दोन, खिडक्या अनेक. हा सारा खर्च मांडल्यावर निपाणी-चिकोडीकडची २३ पाटीची गाडी पुष्कळदा स्वस्त ठरते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले; माझ्या गाडीचे २०२३ मध्ये झाले. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांपुढील मोटारीस ते दहा हजार आहे. जुन्या गाडीचा हिशेब करताना हा आकडाही वहीत असावा.

गेल्या काही वर्षांत एक नवाच घटक आला आहे. आपल्या आजूबाजूचा ऊस आता आपल्याच टाकीत येतो. देशभर २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यात येऊ लागले. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि जुन्या जातीचे रबर त्याने फुगते वा ठिसूळ होते. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे सरकारी खुलाशातच म्हटले होते. माझ्या वहीत इंधनाचे होज म्हणूनच 'लक्ष ठेवावे' मधून 'तीन महिन्यांत' मध्ये गेले आणि बदलून झाले. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर तो सवयीचा भाग मानू नये, ही विनंती. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, एवढी काळजी पुरते.

गाडी केव्हा सोडावी, असेही विचारतात. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच हे सारे आपल्या उद्यमबागेच्या परिसरात दुरुस्त होते. जिथे ओतकाम आणि लेथ यांची पिढीजात विद्या आहे तिथे यंत्र सहसा मरत नाही. सांगाडा मात्र मरतो. सस्पेन्शन जिथे शरीराला जोडलेले असते त्या जागा गंजून पोकळ झाल्या, किंवा पट्ट्याचे बोल्ट ज्यात रुतलेले असतात तो पत्रा भुगा होऊ लागला, की वेल्डिंगची मलमपट्टी करून घरच्यांना त्यात बसवू नये. मी दर पावसाळ्यानंतर, दिवाळीआधी, गाडी उंच चढवून खालून टॉर्चने पाहतो. माझ्या वॅगन आरचा सांगाडा या वर्षी ठीक आहे. मागच्या डाव्या चाकातून मात्र पन्नासच्या वेगाला घुमणारा आवाज येऊ लागला आहे, वळणावर उजवीकडे झुकली की वाढतो. मेस्त्री म्हणतात, अजून हजार किलोमीटर सहज जाईल. मी पहिल्या रकान्यात लिहिले आहे आणि येत्या गुरुवारी दुपारची ओपीडी बंद ठेवली आहे.